चार पोच्यांचं ताट

आमच्या मांडणीवर एक स्टीलचं ताट आहे. त्याला चार पोचे आहेत. तीन माझ्या बाबांनी पाडले, एकाच पावसाळ्यात. चौथा मी पाडला, गेल्या बुधवारी.

खोटं कशाला बोलू? ताट फेकायला काही ताकद लागत नाही. मनगटाचा एक झटका पुरतो. बुधवारी त्या ताटात कुळथाची पिठी होती, भात होता, भाजलेला पापड होता. समोर माझी लेक बसली होती, तन्वी, चौदा वर्षांची. तिने ताट बोटाने पुढे ढकललं आणि म्हणाली, "परत पिठी? आठवडाभर हेच का गं आई?" बस्स, एवढंच. त्यापुढचं माझ्या हाताने केलं, मला विचारलंसुद्धा नाही. ताट तिच्या कानाजवळून सणसणत गेलं आणि भिंतीवर आदळलं. पिठी ओघळायला लागली. तन्वी रडली नाही, ओरडली नाही. उठली, हात धुतले आणि आत जाऊन दप्तर भरत बसली. कोपऱ्यात माझी आई बसली होती. बाबा गेल्यापासून ती आमच्याकडेच असते. तिने फडकं घेतलं आणि भिंत पुसायला लागली. वरून खाली नाही, खालून वर, म्हणजे ओघळ पसरत नाहीत. हे तिला कुणी शिकवलं ते मला चांगलं माहीत आहे.

आषाढ असा चढलाय की विचारू नका. पाऊस पडतो म्हणणारे लोक निराळे, आमच्या रत्नागिरीत तो हाणतो. गेले आठ दिवस नुसतं झोडपणं चाललंय. मागच्या कुंपणाचा चिऱ्यांचा गडगा एका जागी ढासळला, माडाची एक झावळ शेजाऱ्यांच्या पत्र्यावर आपटली तेव्हा आख्खी आळी बाहेर आली, आणि वारा फिरला की आरे-वाऱ्याच्या बाजूने समुद्राचं आपटणं घरात ऐकू येतं. त्याच आरे-वाऱ्याला पर्यटक असले तर आमच्या ह्यांची रिक्षा चालते. आता तिथे कुत्रंसुद्धा फिरत नाही. मी एका शाळेच्या ऑफिसात काम करते, कंत्राटावर. म्हणजे आठवड्याच्या बाजाराला जाताना पर्समध्ये जे असतं त्यातच आठवडा बसवायचा. पैसा उरला तर देव पावला, नाही उरला तर शुक्रवारी पेज.

त्या बुधवारच्या आधीच्या शनिवारी बाजारात मासळीवाल्या बाईशी माझं भांडण झालं. होड्या बंद, ताजं काही नाही, सगळा बर्फातला माल. मी एक बांगडा उचलून त्याचे कल्ले बघितले, डोळे बघितले, परत ठेवला, दुसरा उचलला. ती ओरडली, "ए बाय, बांगडा बघतेस का नवरा? किती उलटापालटा करशील?" मी म्हटलं, "नवरा एवढा बघून केला असता तर आज तुझ्याकडे पापलेट मागितलं असतं मी!" आजूबाजूच्या बायका खो खो हसल्या. ती पण हसली. पण बांगड्याचा भाव काही उतरवला नाही मेलीने. मी तो तिच्या टोपलीत आपटला आणि कुळीथ घेऊन घरी आले.

पण एक सांगते, आम्ही वाईट खात नाही, हां. गरिबाचं जेवण बेचव असतं असं ज्यांना वाटतं त्यांनी माझ्या आईच्या हातची पिठी खाल्लेली नाही. वर लसणीची फोडणी कडकडीत, दोन आमसुलं, बाजूला चुलीत भाजलेला सुका बोंबील, त्याच्यावर कच्चा कांदा बुक्कीने फोडून. बुक्कीनेच फोडायचा. सुरीने कापलेल्या कांद्याला ती चव नाही. वांग्यात मूठभर सुकट पडली की वांगं मासळीच्या थाटात वागायला लागतं. मे महिन्यात खाल्लेल्या फणसाच्या आठळ्या मातीत पुरून ठेवायच्या, त्या आषाढात भाजीत घालायच्या. टाकळा, भारंगी, कुर्डू हे रानातलं, ते तर कुणाच्या बापाचं नाही, खाली वाकायची लाज नसली की झालं. आईचा एकच नियम होता, पानात रोज एक तरी वस्तू अशी हवी की जीभ जागी झाली पाहिजे. बाकी नुसता भात असला तरी चालेल. हे सगळं मी तिच्याकडून त्याच पावसाळ्यात शिकले, ज्या पावसाळ्यात ते तीन पोचे पडले. एका हाताने चव शिकत होते आणि दुसऱ्या हाताने ताटं गोळा करत होते.

तेव्हा मी बारा वर्षांची होते. आमचं घर आरे-वाऱ्याच्या अलीकडच्या एका वाडीत. बाबा लोट्याला एका केमिकल कंपनीत होते, राहायला खेडला खोली. तिथून कंपनीच्या बसने पाळीला जायचे, शनिवारी एसटीने घरी यायचे. त्यांच्या कपड्यांना एक आंबूस, डोळ्यांत शिरणारा वास असायचा. आई ते कपडे वेगळे भिजवायची. शनिवारी आठवड्याचे पैसे तिच्या हातावर ठेवायचे आणि रविवारी मासे खाऊन सोमवारी पहाटे परत. आठवड्यातून एक दिवस माणूस चांगला वागू शकतो. बाबाही वागायचे. मला आपल्या पाठीवर बसवून ओढ्यातून पलीकडे न्यायचे. हेही सांगायला पाहिजे, नाहीतर मी खोटी ठरेन.

त्या जूनमध्ये कंपनीत स्फोट झाला. बाबांच्याच पाळीत. ज्याच्या डब्यातली भाजी ते रोज खायचे तो माणूस त्यांच्या डोळ्यांदेखत गेला. बाबांना वरवर काही लागलं नाही, फक्त डाव्या कानात सारखी शिट्टी वाजायला लागली आणि ती कधी थांबलीच नाही. कंपनीला टाळं लागलं. बाबा ट्रंक घेऊन घरी आले आणि पडवीत बसले. बसले ते बसलेच. शनिवारचे पैसे बंद झाले. भूक मात्र रविवारची राहिली, आणि आता तर रोजच रविवार.

दारू प्यायचे नाहीत. वाडीतल्या बायका आईला म्हणायच्या, "निदान पीत तरी नाय गो, नशीबवान हायस तू." कपाळाचं नशीब! पिणारा माणूस निदान सकाळी तरी शुद्धीवर असतो. बाबा चोवीस तास शुद्धीवर होते आणि शुद्धीवर राहून फेकत होते.

आमच्याकडे आगोट भरतात. म्हणजे पावसाच्या आधी, मे महिन्यात, चार महिन्यांची सोय करून ठेवायची. सुकट, बोंबील, सोडे, खारे बांगडे, आमसुलं, मीठ, मिरची, जळाऊ लाकडं. आईने त्या वर्षीही भरली होती, पण ती दोन माणसांच्या हिशेबाने. तिसरा फक्त रविवारचा होता. आता तिसरा रोज तीन वेळा जेवायला बसत होता. चुलीवरच्या शिंकाळ्यात सुक्या मासळीची टोपली टांगलेली असायची. आई रोज त्यातून काढताना टोपली आपल्याकडे तिरकी करायची, म्हणजे ती किती खाली गेलीय ते मला दिसू नये.

पहिला पोचा सुकटीचा. सुकटीपेक्षा कांदा जास्त होता, म्हणून. दुसरा टाकळ्याचा. "मी काय ढोर आहे?" असं म्हणून. आणि प्रत्येक वेळी आई पहिल्यांदा काय करायची, तर सांडलेलं अन्न बघायची. भाजी कोरड्या जमिनीवर पडली असली तर वरची वर उचलायची, चिखलात पडली असली तर कोंबड्यांना टाकायची. मग भिंत पुसायची, खालून वर. मग परत ताट वाढायची. दुसऱ्यांदा वाढलेलं बाबा खायचे. मुकाट्याने, मान खाली घालून, बोटं चाटून. हे मला सगळ्यात भयंकर वाटायचं. खायचंच होतं तर फेकलं कशाला?

आईचा राग कुठे जायचा ते मला कळायला वेळ लागला. तो शेतात जायचा. पावसाने ओढे भरले की वळगणीचे मासे उलट्या पाण्याने शेतात चढतात, अंडी घालायला. तेव्हा सगळी वाडी कोयते, काठ्या, टोपल्या घेऊन धावते. फुकटची मासळी, कोण सोडतो! आई पदर खोचून गुडघाभर पाण्यात उभी राहायची आणि कोयत्याच्या उलट्या बाजूने हाणायची. एक घाव, एक मासा. पाणी लाल व्हायचं, तिच्या तोंडावर शिंतोडे उडायचे, ती पुसायचीही नाही. शेजारची काकू एकदा म्हणाली, "अगो, मासे मारतेस का कोणाचा जीव घेतेस?" आईने पुढचा घाव घातला. मुठे, म्हणजे शेतातले खेकडे, पकडायची ती दगडाखालून, नुसत्या हाताने, आणि जिवंत असतानाच नांग्या मोडायची, काड् काड् काड्. त्या आठवड्यात आम्ही राजासारखे जेवलो. मुठ्यांचं कालवण, वाटलेल्या नारळाचं, तिखटजाळ. बाबांनी तीनदा भात मागून घेतला. घरात कुणीही काहीही फेकलं नाही. मला वाटलं, रोज असं काहीतरी मारून आणता आलं तर आपलं घर सुखी होईल.

पण वळगण दोन-चार दिवसांची. मग लावणी सुरू झाली आणि आई दुसऱ्यांच्या शेतात मजुरीला जायला लागली. सकाळी चिखलात उतरायची, दुपारी जेवायच्या वेळेला घरी यायची, परत जायची.

तिसरा पोचा कुळथाच्या पिठीचा. तो ताटाच्या काठावर आहे, बोट फिरवलं तर आजही लागतो. त्या वेळी ताट भिंतीला लागलंच नाही आधी. ते आईच्या भुवईला लागलं आणि मग खाली जमिनीवर. भुवई फाटली. रक्त डोळ्यात गेलं. बाबा नुसते बघत राहिले, त्यांचा उजवा हात हवेत तसाच होता. आईने चुलीशेजारच्या डब्यातून हळद घेतली, दाबली, वर फडकं बांधलं. आणि मग वाकून खाली बघितलं, पिठी कुठे सांडलीय ते. त्या वाकण्याने माझ्या डोक्यातलं काहीतरी तुटलं. रक्ताने नाही, त्या वाकण्याने.

दुसऱ्या दिवशी ती फडकं बांधूनच लावणीला निघाली. जाताना मला म्हणाली, "तेरं काढून ठेवलंय. मोठ्या टोपात शिजव. आमसुलं बरणीत हायत, मूठभर घाल. विसरू नको हां बाय."

तेरं म्हणजे रानातलं अळू. आषाढात गडग्यांवर, घरांच्या मागे, पागोळ्यांच्या पाण्याखाली आपोआप उगवतं. कोकणात ज्याच्या घरी काही नाही त्याच्या घरी तेरं असतं. पण ते फुकट असलं तरी गरीब नाही, भारी मिजाशीचं आहे. चिरताना हाताला तेल लावायचं, आणि शिजवताना आमसुलं घालायचीच घालायची. आंबटाशिवाय तेरं खाल्लं तर घसा आतून सोलून निघतो. जीभ सुजते, आवाज बसतो. आई तर तेरं चिरताना 'खाज' हा शब्दही काढू द्यायची नाही. म्हणायची, नाव घेतलं की त्याला आठवण होते. आमच्याकडे पाच वर्षांच्या पोरीलाही हे ठाऊक असतं. मी बारा वर्षांची होते.

मी दोन टोप चढवले. एकात माझ्यासाठी आणि आईसाठी. त्यात मूठभर आमसुलं, आठळ्या, लसणीची फोडणी. दुसऱ्यात बाबांसाठी. त्यातही आठळ्या, त्यातही लसूण, वर खोबरंही घातलं जास्तीचं, दिसायला छान. आमसुलांच्या बरणीला हात लावला नाही. आजही नवल वाटतं. एवढी शांत मी आयुष्यात परत कधी झाले नाही.

बाबा जेवायला बसले. मी वाढलं. मी समोर उभी राहिले आणि त्यांच्या गळ्याकडे बघत राहिले. कंठमणी वर जायचा, खाली यायचा. पहिला घास. दुसरा. भुकेले होते, भराभर खात होते. "चांगलं झालंय गो," असं म्हणाले! मला. त्या पावसाळ्यात पहिल्यांदा. तिसरा घास गेला, चौथा गेला, आणि ते थांबले.

हात गळ्याशी गेला. काहीतरी बोलायला तोंड उघडलं, तर आवाज नुसता खरखर. डोळे लाल झाले, लाळ गळायला लागली. पाण्याचा तांब्या तोंडाला लावला, पाणी बाहेर आलं. ते धडपडत अंगणात गेले आणि पावसात तोंड वर करून उभे राहिले, आ वासून. ज्या तोंडातून एवढे दिवस नुसती गर्जना निघत होती ते तोंड पावसाचं पाणी पिऊ बघत होतं. मी दारात उभी होते. मला आनंद झाला. हे मी आज लिहून टाकते. मला फार फार आनंद झाला. आणि मग ते गुडघ्यावर बसले आणि त्यांचा श्वास वाजायला लागला, तेव्हा त्या आनंदाची भीती झाली. मरतात की काय हे? मी मारलं काय ह्यांना?

तेवढ्यात आई आली. चिखलाने माखलेली, डोक्याला फडकं. तिने अंगणात बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि धावत आत गेली. कोकमाचं आगळ काढलं, पाण्यात कालवून बाबांना पाजलं, चुळा भरायला लावल्या, चिंच चघळायला दिली, परत आगळ पाजलं. थोड्या वेळाने श्वास मोकळा झाला. बाबा उठले. त्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं, मग टोपाकडे दाखवलं. आवाज नव्हता, पण आवाजाची गरजही नव्हती. कोपऱ्यातलं सरपणाचं लाकूड त्यांनी उचललं आणि माझ्याकडे यायला निघाले.

चुलीशेजारी दोन टोप होते. आईने दोन्ही बघितले. तिने डाव्या पायाने आमचा टोप, आमसुलांचा, हळूच चुलीमागे सरकवला. मग दुसऱ्या टोपात हात घातला, मूठभर तेरं काढलं आणि तोंडात कोंबलं.

"मीच शिजवून गेले होते सकाळी," ती म्हणाली. "पोर नुसती वाढायला होती. आमसुलं राहिली माझ्याकडून. हे बघा, मी पण खातंय."

आणि खात राहिली. दुसरी मूठ. तिसरी. बाबा लाकूड उगारून उभे, ती टोपाशी बसून खातेय. डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, गळ्याच्या शिरा फुगल्या, तरी तिचा हात टोपात जातच होता. मी ओरडले, "आई, नको!" तिने माझ्याकडे असं बघितलं की माझी जीभ जागच्या जागी राहिली. चौथ्या मुठीला बाबांनी लाकूड टाकलं. ते जमिनीवर पडलं तेव्हा केवढ्याने वाजलं! मग त्यांनी तिचा हात धरला, टोप ओढून घेतला आणि दाराबाहेर भिरकावला. ती दुपार दोघं पडवीत बसून होती, एकाच वाटीतलं आगळ आळीपाळीने पीत. दोघांना आवाज नव्हता. आमच्या घरात एवढी शांतता मी त्याआधी कधी ऐकली नव्हती.

संध्याकाळी दिवे लावायच्या वेळेला आईने मला मागच्या दारी बोलावलं. मला वाटलं, आता जवळ घेईल. तिने खाडकन माझ्या मुस्कटात मारली. आयुष्यात एकदाच मारलं तिने मला, आणि ते असं मारलं की गालावर पाच बोटं तीन दिवस राहिली. मग त्या फाटक्या आवाजात म्हणाली, "त्यांना मारायचं असतं तर माझ्याकडे कोयता नव्हता? पानात असलं काय घालायचं नाय. जेवायला बसलेला माणूस आपल्या हातावर इसवास ठेवून बसतो. वैरी असला तरी. राग ताटाच्या बाहेर ठेवायचा, समजलीस?"

मला समजलं नाही. मला वाटलं, माझीच आई माझ्याविरुद्ध गेली. कित्येक वर्षं वाटत होतं. ज्याने तुझी भुवई फोडली त्याच्या बाजूने तू मला मारलंस! आता वाटतं, ती त्याच्या बाजूची नव्हती आणि माझ्याही नव्हती, ती अन्नाच्या बाजूची होती. आठवड्याच्या तुटपुंज्या पैशांत, आणि पुढे तेही नसताना, तिने आम्हा तिघांना जगवलं ते अन्नावर सगळ्यांचा विश्वास होता म्हणून. तो गेला असता तर घरात उरलं काय असतं? नुसते तीन भुकेले, एकमेकांच्या टोपात डोकावणारे.

बाबा सुधारले असं कुणाला वाटत असेल तर तसं काही झालं नाही. कंपनी उघडली नाही, ते पुढे एका आंब्याच्या बागेत राखणीला लागले, आणि अधूनमधून फेकाफेक चालू राहिली. मारत्या हाताची सवय इतक्या सहज सुटत नाही. पण एक गोष्ट बदलली. पहिला घास तोंडाशी नेला की ते थांबायचे. क्षणभरच. डोळे वर करून माझ्याकडे बघायचे आणि मग खायचे. मी वाढलेलं असो नाहीतर आईने, डाळभात असो नाहीतर सणाची पुरणपोळी. माझ्या लग्नाच्या जेवणात, एवढ्या माणसांत, त्यांनी पहिला घास हातात धरून माझ्याकडे बघितलं. मरेपर्यंत ते थांबणं सुटलं नाही. तरुणपणी मला त्याचं समाधान वाटायचं. बरी खोड मोडली! नंतर नंतर ते बघवायचं नाही. स्वतःच्या लेकीच्या घरी जेवायला बसलेला म्हातारा, आणि घशाखाली घास उतरेपर्यंत त्याला खात्री नाही.

हे सगळं मी आज का घेऊन बसलेय? कारण बुधवारी ताट फेकल्यापासून तन्वी माझ्याशी धड बोलली नव्हती. "हो", "नाही", "ठेवलंय". बस्स. मी गुरुवारी तिच्यासाठी अंड्याचं कालवण केलं, शुक्रवारी घावणे घातले, आठवड्याचं गणित पार मोडून. तिने दोन्ही खाल्लं. चांगलं झालंय म्हणाली नाही. मी सॉरी म्हणायला तोंड उघडायचे आणि त्याऐवजी बाहेर यायचं, "भांडी कोण घासणार?" जीभ मेली बापावर गेलीय.

काल रविवार. हे सकाळीच रिक्षा घेऊन गेले होते. मी कपडे आपटून आले तर तन्वी मागच्या ढासळलेल्या गडग्यावरून हातभर तेरं घेऊन येत होती. हाताला तेल लावलेलं. "आज मी करते जेवण," म्हणाली. "आजीने सांगितलंय कसं ते."

मी आईकडे बघितलं. ती लसूण सोलत होती.

"काय काय सांगितलंस तिला?" मी विचारलं.

"सगळं सांगितलं," आई म्हणाली. "आमसुलं किती घालायची तेपण."

"तेवढंच?"

"सगळं म्हटलं ना," आई म्हणाली आणि पाकळीवर अंगठा दाबला.

मला तन्वीने स्वयंपाकघरात येऊ दिलं नाही. बाहेरून मी फोडणीचा आवाज ऐकला, लसणीचा वास आला. बरणीचं झाकण उघडलेलं ऐकू येतं का म्हणून मी कान देऊन बसले होते. पत्र्यावर पाऊस असा कोसळत होता की झाकण काय, तोफ वाजली असती तरी कळलं नसतं.

तिने पानं घेतली. मला ताट वाढलं ते नेमकं तेच, चार पोच्यांचं. चौथा पोचा माझ्याकडे करून. भात, तेरं, वर आठळ्या, खोबरंही घातलेलं. दिसायला छान. मग ती माझ्या समोर बसली. स्वतःचं ताट पुढ्यात होतं, पण तिने त्याला हात लावला नाही. ती माझ्या गळ्याकडे बघत होती.

मी घास केला. तोंडाशी नेला. आणि माझा हात थांबला.

त्या एका क्षणात मला बाबा कळले. लाज वाटते लिहायला, पण कळले. मी आईकडे बघितलं. तिच्या भुवईत अजून ती पांढरी रेघ आहे. मला वाटलं, ती हात पुढे करील, माझ्या ताटातला पहिला घास आधी स्वतः खाईल. तिने मला तेव्हा वाचवलं तसं आताही वाचवील. आई जागची हलली नाही. तिने आपला भात कालवला आणि खाली बघून जेवायला लागली. म्हणजे हे माझं मलाच खायचं होतं.

मी खाल्लं.

आंबट होतं. चांगलंच आंबट, डोळे मिटावेत इतकं. मूठभर सांगितली असतील तर पोरीने दोन मुठी घातल्या होत्या. कुठे कमी पडायला नको म्हणून. मला हुंदका आला, आणि घास तोंडात असताना रडायचं कसं ते मला कुणी शिकवलेलं नव्हतं.

"आंबट झालंय का गं?" तन्वीने विचारलं.

"नाही. बरोबर झालंय." मग एकदाचं निघालं तोंडातून. "चुकलं माझं, तन्वी. तुला लागलं असतं."

"माहितीय," ती म्हणाली. "जेव आधी."

आणि स्वतःचं ताट तसंच ठेवून तिने माझ्या ताटात हात घातला, पोच्याजवळचा एक घास उचलला आणि तोंडात टाकला.